कुलूपदादांचा हात

दाढी-कटिंगच्या दुकानात बातम्या पिकतात हे खरं, पण कुलूपदादांच्या दुकानातून त्या बाहेर पडत नसत. कोण केस काळे करतो, कोणाच्या डोक्यात चाई पडलीय, कोणाचा सासऱ्याशी अबोला आहे, सगळं दादांच्या पोटात. म्हणून तर हे नाव पडलं. बायको म्हणायची, "घरी तरी कधी किल्ली फिरवा."

नेमका याच माणसाचा हात थरथरू लागला. वस्तरा धरणाऱ्याचा हात हलतो हे चारचौघांत कळलं की धंदा बसलाच. दादा डॉक्टरकडेही जाईनात, कारण दवाखान्याच्या बाकावर त्यांचीच गिऱ्हाइकं. शेवटी दुपारच्या सामसुमीत त्यांनी फोनवर आरोग्याची एक साइट उघडली. तिने नाव विचारलं, यांनी सांगितलं. नंबर, वय, धंदा, त्रास कधीपासून, काही म्हणून लपवलं नाही. "परवानगी आहे का?" असं विचारल्यावर तर त्यांना बरंच वाटलं. काय ही अदब! दिली परवानगी. जन्मात कुणाशी एवढं बोलले नसतील.

फोन दुकानाचा होता. गिऱ्हाइकांसाठी भिंतीवरच्या टीव्हीवर गाणी लागत ती त्याच्यावरूनच.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत पोस्टमास्तर होते, गालांना साबण, आणि बाकावर आणखी तिघे. दादांनी वस्तरा गळ्याशी नेला, तोच गाणं थांबलं आणि टीव्हीतली बाई गोड आवाजात म्हणाली, "काम करताना हात थरथरतात?" बाकावरचे तिघे आधी टीव्हीकडे आणि मग वस्तऱ्याकडे बघू लागले.

"ते माझ्यामुळे," पोस्टमास्तर साबणातून म्हणाले. "मघाशी याच्या फोनवर मीच शोधत होतो. वय झालं आता." आणि त्यांनी डोळे मिटून मान मागे टाकली.

घरी मुलीने हे ऐकून कपाळाला हात लावला. "बाबा, गिऱ्हाइकाचं आम्हाला सांगत नाही, आणि स्वतःचं जगाला सांगून आलात? नुसतं वाचायला नाव-नंबर लागत नाही. ती परवानगी म्हणजे तुमची माहिती जाहिरातवाल्यांना देण्याची. तिथे 'नको' म्हणायचं. आणि दुकानाच्या फोनवर तर असलं काही बघायचंच नाही." तिने साइटवरचं खातं बंद केलं, शोधलेलं पुसलं आणि त्यांना लांबच्या डॉक्टरकडे नेलं. दम्याच्या नव्या औषधाचा तो प्रताप निघाला. औषध बदललं, हात स्थिरावला, आणि दादा पुन्हा खुशीत दुकान उघडू लागले.

पोस्टमास्तर परत आले तेव्हा दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"साहेब, हात माझा थरथरत होता," दादा म्हणाले.

"माहीत आहे. गळ्याला जाणवत होतं ना."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. डोळे कशाला मिटले होते मग?"

"अहो, उठून जायचं होतं."

"उठलो असतो, तर त्या तिघांना कळलं असतं," पोस्टमास्तर म्हणाले आणि त्यांनी हनुवटी वर केली.