झाकणावरचा बैल

श्रावणातला शेवटचा सोमवार, अपेक्षित रक्कम चाळीस हजार, आणि सराफांच्या दुकानात हजर मी आणि माझी काकू. तिच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी घरातला चांदीचा चषक मोडायचा होता. इंग्रजांच्या काळात शेतकी प्रदर्शनात पणजोबांच्या बैलाचा पहिला नंबर आला, त्याचं हे बक्षीस. चषकावर साहेबाचं नाव कोरलेलं, पणजोबांचंही. बैलाचं नाही. तो झाकणावर, बोटभर उंचीचा, मुकाट उभा.

सराफांनी त्याला टिचकी मारली. "काकू, हा पोकळ आहे. आत लाख भरलीय. वजनात धरता येणार नाही."

"मेल्यानं जन्मभर कडबा खाल्ला," काकू म्हणाली, "पोटात चांदी कुठून येणार?"

आम्ही हसलो, पण मला ते लागलं. ज्याच्यामुळे बक्षीस मिळालं, तोच हिशेबाबाहेर. दर पोळ्याला चषक चिंचेनं घासून मातीच्या बैलांशेजारी पूजेला मांडायची ती काकू. तिचं नाव तरी कुठे कोरलंय? आता तिला धड दिसत नाही, तरी बोटं त्याचं वशिंड बरोबर शोधत होती.

"वजनात नाही ना? मग सोडवून द्या," ती म्हणाली. "पोळा आलाय."

सराफांनी पायांखालचा डागाचा सांधा तोडून बैल तिच्या हातात ठेवला.

चषकाचे अडतीस हजार दोनशे आले, ते डोळ्यांच्या दवाखान्यात भरायला वेगळे ठेवले. बैल सोडवल्याची मजुरी म्हणून मी दीडशे पुढे केले. सराफ म्हणाले, "पोळ्याच्या तोंडावर बैलाचे पैसे नाही घेत."

ते दीडशे मग वाण्याला दिले, पुरणाच्या डाळीचे.