पाण्यात टाकायचे थेंब

वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा, ऐंशीनंतरच्या त्या पहिल्या वर्षांत, नळाचं पाणी कधी गढूळ यायचं, कधी उग्र वासाचं. आमचे हे तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये कारकून. तिथल्या प्रयोगशाळेतल्या मित्राकडून त्यांनी पाणी तपासायचं रसायन आणलं, तेही खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत. वर लेबल खोकल्याचंच.

"अहो, निदान त्यावर काही लिहा तरी."

"घरात आहे कोण? आपण दोघंच."

रोज सकाळी पेल्यात पाणी घ्यायचं, चार थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं, म्हणजे त्यात क्लोरीन आहे. मग स्वारी खूश. मी तो पेला त्या प्रयोगासाठी वेगळा ठेवला, तरी दुसऱ्या दिवशी हे आमचा ताकाचा पेला घेणार!

खालच्या मजल्यावर लातूरकडच्या एक ताई राहायच्या. त्यांनी हा प्रयोग पाहिला, आणि यांनी हौसेनं थोडं रसायन तसल्याच एका बाटलीत त्यांनाही काढून दिलं. मला पत्ताच नाही.

दोन दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी माठातलं पाणी पुढे केलं. फिकट पिवळं.

"ताई, हे काय?"

"भाऊंनी दिलेलं औषध. माठात झाकणभर टाकते. पानी शुद्ध होतं ना! लेकरांना आंबट लागतंय, पन पितात."

मी लगेच माठ मोरीत ओतला, बाटली ताब्यात घेतली आणि दोन्ही मुलांना घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. धाकट्याच्या घशाची आग होत होती, पोटही दुखत होतं. चार दिवसांत बरा झाला.

डॉक्टरांकडून आलो त्या संध्याकाळी हे म्हणतात, "मी तपासायचं म्हणालो होतो. शुद्ध करायचं कधी म्हणालो?"

"पिऊ नका, असं सांगितलंत?"

"त्यात सांगायचं काय?"

दुसऱ्या दिवशी मित्रानंच त्यांना झापलं. ते रसायन ॲसिडात बनवतात, विषारी असतं, हाताला लागलं तरी आम्ही लगेच धुतो, म्हणाला. हे सगळं यांनी मला पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं.

मी बळेबळेच यांना खाली माफी मागायला नेलं. तिथे जाऊन म्हणाले काय, "ताई, तुमचा जरा गैरसमज झाला."

ताईच बिचाऱ्या ओशाळल्या आणि चहा ठेवायला उठल्या.