मधला वेळ

"घरीच तर असतेस! मधल्या वेळात आईला औषध द्यायला काय हात दुखतात?" नवरा तिसऱ्यांदा म्हणाला.

"मधला वेळ माझ्या प्रोग्रामला असतो, मला नसतो."

ती घरून एका कंपनीसाठी संगणकाचे प्रोग्राम लिहायची. ते एका उत्तराची वाट पाहताना दुसरी कामं उरकत आणि उत्तर आलं की सोडल्या जागेवरून पुढे चालू लागत. सासूबाईंच्या हाकेसरशी उठून परत आलेल्या तिला मात्र ती जागा सापडत नसे. काल अशीच परतल्यावर तिनं प्रोग्राममध्ये बाकीच्या कामांना वाट न देता एकाच उत्तरासाठी सगळं अडवून धरणारी एक ओळ लिहिली आणि सगळ्या ग्राहकांची कामं अर्धा तास खोळंबली. आज तिची बढती दुसऱ्याला मिळाली.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," सासूबाई पुटपुटल्या.

"चिंध्या कोण करतंय, आई?" तिनं विचारलं.

तिनं लॅपटॉप मिटला.

"सोमवारपासून मी ऑफिसला जाणार आहे. नऊ ते सात घरी नसेन."