डाव्या बाजूची काच

आमची गाडी जुनी आहे हे कळायला ती दिसावी लागत नसे. गल्लीत वळली की आवाजावरूनच कळायचं. लढाईच्या आधीची विलायती गाडी. एका रुईच्या व्यापाऱ्याने वापरून वापरून टाकलेली, ती आम्ही घेतली. पण अकोल्यात आमच्या वस्तीत मोटार घेणारे पहिले आमचे हे. वकिली करायचे. दीक्षा घेतल्यानंतर चार-पाच वर्षांनी गाडी आली, तेव्हा सगळी वस्ती तिला हात लावून गेली.

गाडीबरोबर ह्यांनी एक नियमही घरी आणला. रस्त्यात कुणी 'जय भीम' म्हटलं की काच खाली घ्यायची आणि जबाब द्यायचा. आता वऱ्हाडातला उन्हाळा म्हणजे चुलीपुढे बसल्यासारखा वारा, त्यात काळ्या मातीची धूळ. काचा लावल्याशिवाय प्रवास होतच नाही. तरी ह्यांचं आपलं चालूच: काच खाली, जय भीम, काच वर. धूळ खायला मागे मी होतेच.

"तुमी मंत्री झाले काय?" मी एकदा वैतागून विचारलं.

"मंत्री काच खाली घेत नाही," हे म्हणाले.

मग एका सकाळी दाढी करताना ह्यांचा डावा हात जो खाली पडला, तो पुन्हा वर आलाच नाही. पाय वाचला, वाचा वाचली, बुद्धीही वाचली. नाहीतर माझ्याशी भांडलं कोण असतं? फक्त हात गेला. पण ही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही, अशी सक्त ताकीद मिळाली. वकिलाचा हात गेला म्हटलं की लोक समजतात डोकंही गेलं, असं ह्यांचं म्हणणं. डावा हात कोटाच्या खिशात घालून हे कोर्टात उभे राहू लागले आणि लोकांना ती ऐट वाटू लागली.

गाडी आता माझा धाकटा दीर चालवायचा. हे त्याच्या शेजारी, डाव्या बाजूला. काचेचं हँडलही डावीकडे, आणि जाम. उजवा हात पोटावरून पलीकडे नेऊन दोन फेरे फिरवेपर्यंत नमस्कार करणारा कुठल्या कुठे मागे राहायचा. मी म्हटलं, मागे उजवीकडे बसा. तर म्हणे, "मी काय सेठ आहे?" काचेच्या आतून हात हलवून पाहिला. पण धुळीच्या काचेवर ऊन चमकायचं, आतलं बाहेर दिसतच नव्हतं.

हे सगळं सोसलं असतं. पण त्यात ह्यांचा दोस्त दुरावला. अमरावतीच्या रस्त्यावर ह्यांचं गाव, तिथला हा लहानपणचा सोबती. शाळेच्या वाटेवर नाल्याला पूर आला की ह्यांना खांद्यावर घेऊन पलीकडे न्यायचा. स्वतः दुसरीतच शाळा सोडून मजुरीला लागला, तरी पुराच्या दिवशी ह्यांच्यासाठी नाल्यावर यायचा. दर हंगामात आमच्याकडे तुरीच्या शेंगा घेऊन येणारा हा माणूस त्या वर्षी आलाच नाही. गावातल्या लग्नात त्याची बायको मला भेटली आणि तोंडावर म्हणाली, "त्यायनं दोनदा जय भीम घातला रस्त्यावर. तुमच्या वकिलानं काच बी नाही उघडली. असू द्या बाप्पा, मोठे झाले तुमी."

माझ्या जिभेवर खरं कारण आलं होतं. ताकीद आठवली आणि मी ते गिळलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं तेव्हा हे त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गाडीत बसायचंच बंद केलं.

तेव्हा दिराने मिस्त्री शोधून आणला. हा मिस्त्री म्हणजे बोलण्यात अर्धी अमेरिका. "बाई, बटन दाबलं की काच खाली! मुंबईत एका सेठच्या गाडीत म्या सोता पाह्यलं." पाहिलं होतं, केलं कधीच नव्हतं. एका मोडीत निघालेल्या ट्रकची वायपरची मोटर त्याने दारात घातली. पहिल्या दिवशी बटण दाबलं तर हॉर्न वाजला. नंतर काच वर गेली आणि मोटर थांबेचना, शेवटी बॅटरीची तार उपटली. मी म्हटलं, "मिस्त्री, आमचं हँडल तरी परत द्या." तो म्हणाला, "बाई, तुमी चिंता नोका करू," आणि दार पुन्हा उघडून बसला. तो फुशारकी मारणारा माणूस हरला नाही, याबद्दल मी आजही त्याला दुवा देते. एके दिवशी काच खाली आली. दळणाच्या गिरणीसारखी घरघरत, पण आली. आणि वरही गेली.

ह्यांनी एका बोटाने ती पाच-सहा वेळा वरखाली केली आणि दिराला म्हणाले, "चाल, गावाकडे." मीही मागे जाऊन बसले.

गावाच्या अलीकडे दोस्त पाठमोरा दिसला. डोक्यावर कडब्याची पेंडी, रस्त्याच्या डाव्या कडेने चाललेला. गाडीचा आवाज त्याने ओळखला असणार, कारण तो आणखी कडेला सरकला आणि मान फिरवून शेताकडे पाहू लागला. दिराने गाडी हळू केली. ह्यांनी बटण दाबलं. ती घरघर ऐकून मात्र त्याने वळून पाहिलंच.

"जय भीम!" हे आधी म्हणाले.

मग ह्यांनी उजव्या हाताने डावा हात खिशातून काढला, उचलला, खिडकीच्या काठावर ठेवला आणि दोन्ही हात जोडले. वर्षभर जगापासून लपवलेला हात. उजव्याने सोडताच डावा काठावरून घरंगळला.

दोस्ताने पेंडी टाकून दिली आणि तो हात धरला.

"कवापासून?"

"साल झालं."

"अन् मले सांगतलं नाही? काहून? तुले खांद्यावर नेलं तवा काय तुह्ये हात पाहून नेलं होतं का रे?"

हे रडले. लग्नानंतर पहिल्यांदा मी ह्यांना रडताना पाहिलं, आणि मला फार बरं वाटलं. पेंडी टपावर बांधून दोस्त माझ्या शेजारी मागे बसला आणि पुढे वाकून, गावापर्यंत ह्यांना शिव्या देत राहिला. धूळ आत येत होती, तोंडात, डोळ्यांत. काच वर घ्या, असं मी काही म्हटलं नाही.