मोठ्या कोळंब्यांना वगळू नका

डॉ. रजनी भाटवडेकर मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे चार गोड शब्द मागितले. माझ्याकडे ते नाहीत. राग आहे, तोच लिहिते.

युट्रेख्टच्या प्रयोगशाळेत आले त्या पहिल्याच दिवशी मी गोड्या पाण्यातली एक कोळंबी जाळीने उचलून बंद बाटलीत टाकली आणि ती किती प्राणवायू घेते ते मोजलं. आकडा भलताच मोठा आला. मी खुशीत मॅडमना दाखवला. त्या म्हणाल्या, "अगं, ती घाबरलीये. तू तिची धडधड मोजलीस. आज तिला शांत बसू दे, उद्या मोज." तेव्हा त्या मला भारी खडूस वाटल्या.

पाणी तापलं की कोळंबीला प्राणवायू जास्त लागतो आणि मोठ्या कोळंबीला तो आधी अपुरा पडतो, हे दाखवण्यात मॅडमनी वर्षानुवर्षं घालवली. गरम बाटल्यांतल्या मोठ्या कोळंब्या मरत आणि आलेखाची रेघ बिघडे. विभागप्रमुखांनी बैठकीत सुचवलं, मोठ्या वगळा, रेघ सरळ येईल. मॅडम म्हणाल्या, "ज्या सगळ्यांत आधी मरतात त्यांनाच वगळायचं, तर मोजायचं कशाला?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा इथे राहण्याचा परवाना संपत आला होता. मी वहीत डोकं खुपसलं.

शोधनिबंध मोठ्या कोळंब्यांशिवाय छापून आला. मॅडमनी त्यावरून आपलं नाव काढून घेतलं होतं. माझं अजून आहे. परवान्यासाठी मला शिफारसपत्र दिलं तेही मॅडमनीच. त्या आठवड्यात मला ताप होता, तर सायकलवरून मऊ भाताचा डबा घेऊन आल्या. त्या बैठकीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. चांगलं झापलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

इथल्या रिवाजाप्रमाणे साठीचा केक मॅडमनी स्वतःच आणला. विभागप्रमुखांनी तो खाता खाता त्यांच्या चिकाटीवर भाषण ठोकलं. माझं डोकं फिरलं, तरी टाळ्या मीही वाजवल्या. त्याची लाज वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला कळवलं की मोठ्या कोळंब्या मुद्दाम वगळल्या होत्या, सगळे आकडे माझ्याकडे आहेत, निबंध दुरुस्त करा. मॅडमना हे मी सांगितलेलं नाही. त्या इथेच पहिल्यांदा वाचतील.

मॅडम, तुम्हांला ठणठणीत आणि भरपूर आयुष्य लाभो. नियतकालिकाची मंडळी उत्तर द्यायला फार वेळ लावतात, आणि ती दुरुस्ती तुम्ही स्वतः वाचायला हवी.