मिसेस नर्मदांसाठी पलंग

आधीच सांगून टाकते, मी फिजिक्स शिकवते. इंदूरला, भंवरकुआंच्या एका कोचिंगमध्ये, रोज सहा तास. त्यातला बराच वेळ पोरांच्या मनगटावरचे काळे दोरे बघून चिडण्यात जातो. आमच्या घरात भूत, नजर, अंगात येणं... यातलं काही कधी नव्हतंच. आजोबा महूला फौजेत होते. दीक्षा घेतल्यावर त्यांनी घरातले सगळे गंडेदोरे स्वतःच्या हाताने काढून फेकले आणि बावीस प्रतिज्ञांची तसबीर लावली, ती अजून तिथेच आहे. बाबांचं तर विचारूच नका. टेलिफोन खात्यात उभी नोकरी काढलेला माणूस, कशातही वायर कुठून कुठे जाते ते आधी विचारणार. तेव्हा पुढचं वाचून हसलात तरी माझी तक्रार नाही.

बड़ा गणपतीजवळ आमचं घर आहे. तिथे आता मी आणि बाबा, दोघंच. आई जाऊन दीड वर्ष झालं.

आईने एकदा मेथी निवडता निवडता टीव्हीवर ग्रीसचं कुठलंसं बेट पाहिलं होतं. डोंगरउतारावर पांढरीशुभ्र घरं, खाली समुद्र. तिची पहिली प्रतिक्रिया काय, तर "कित्ती साफ चुना मारलाय बघ. अपने इंदौरवालों को दिखाओ, फार नंबर वन नंबर वन करतात." आणि मग म्हणाली, "जायचं तर इथे, नाहीतर कुठेच नाही." ती नागपूरच्या पलीकडे कधी गेली नाही.

ती गेल्यावर बाबा घराबाहेर एक रात्रही राहिले नाहीत. महूला पुतण्याचं लग्न होतं, तिथूनही जेवण होताच परत. संध्याकाळचं फिरणं सुटलं, बोलणं आटलं. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे नॉर्मल. मला रिपोर्टची भीती नव्हतीच. हा माणूस माझ्यासमोर हळूहळू बंद पडत चालला होता आणि मला काही करता येत नव्हतं, याची होती.

म्हणून मी ग्रीसचा घाट घातला. एक्सेल शीट केली — बेटं, बोटींच्या वेळा, किती पायऱ्या चढाव्या लागतील, भात कुठे मिळेल. मोठी बेटं एकेक करून कापली आणि एका मंगळवारी संध्याकाळी एक गाव नक्की केलं. नाव देत नाही, तिथल्या बाईंना उगाच त्रास नको. चाळीसेक घरं, एक चर्च, एक बेकरी.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "और नर्मदा? नर्मदा कोण भरेल?"

इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे नळाच्या पाण्यालाच नर्मदा म्हणतात. "नर्मदा आली", "आज नर्मदा नाही" — अशीच भाषा. एक दिवस आड येते, आमच्या गल्लीत पहाटे साडेपाचला. आधी हे खातं आईचं होतं. आता बाबा उठून मोटर लावतात, टाकी, माठ, बादल्या, सगळं भरतात.

"शेजारचे भिया लावतील की मोटर," मी म्हटलं.

"त्याला स्वतःची लावायची याद नसते. तू जा, घूम के आ. मी इथे ठीक आहे."

व्हिसाचा त्यांचा फॉर्म मी पूर्ण भरून ठेवला होता, फक्त सही राहिली होती. तो त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली तसाच पडून राहिला. अपॉइंटमेंटला दहा दिवस होते.

तरी हट्टाने मी बुधवारी त्या गावातल्या बाईंना मेल केला. एलेनी त्यांचं नाव, सत्तरीच्या असाव्यात, घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने देतात. गुरुवारी दुपारी कन्फर्मेशन आलं, व्हिसाला लागतं तसं, पाहुण्यांच्या नावांसकट. पहिलं नाव माझं. दुसरं बाबांचं. तिसरं — मिसेस नर्मदा. पलंग तीन.

बाबांना वाटलं मीच लिहिलं. "मेरी मज़ाक उड़ा रही है क्या?" इतके चिडलेले मी त्यांना वर्षभरात पाहिले नव्हते. मी एलेनीबाईंना पाठवलेला मेल उघडून दाखवला. दोन माणसं, दोन नावं, चार ओळी. त्यांनी तो दोनदा वाचला आणि खुर्चीत बसले.

मेलखाली एलेनीबाईंचा नंबर होता. मी त्यांना व्हॉट्सअ‍ॅप केलं की काहीतरी चूक झालीय, आम्ही दोघंच आहोत. तासाभरात त्यांचा व्हॉइस मेसेज आला, मोडक्या पण समजेल अशा इंग्रजीत. त्याचा मतलब असा — चूक कशी? तुमच्या घरच्या बाईंचा फोन आला होता ना, सोमवारी, माझ्या खालच्या लँडलाइनवर. म्हणाल्या, इंडियातून मुलगी येतेय आणि तिचे वडील. इंग्रजी थोडंच येत होतं त्यांना. पण चारदा विचारलं, नर्मदा व्हॉट टाइम? नर्मदा व्हॉट टाइम? मी म्हटलं, तुमच्या नर्मदा कधी पोहोचणार ते मला कसं माहीत असणार, पण कधीही येऊ देत, पलंग तयार ठेवते.

मी तो मेसेज तीनदा लावला. सोमवारी फोन आला होता, आणि मी गाव नक्की केलं मंगळवारी... सोमवारपर्यंत ते नाव मलाच माहीत नव्हतं.

बाबांच्या अंगात मात्र एकदम टेलिफोन खातं संचारलं. माझ्या फोनचं लॉग काढ, त्यांच्या बटणवाल्या फोनचं काढ. दोन्हीवर आयएसडी नाही. घरचा लँडलाइन दोन वर्षांपूर्वी कटवलेला. आईचं सिम मी स्वतः बंद करून आलेली. मग त्यांनी मला एलेनीबाईंना विचारायला लावलं की फोनवर नंबर दिसतो का. उत्तर आलं, जुना गोल डायलचा फोन आहे, काही दिसत नाही. क्रॉस कनेक्शन म्हणावं तर ते दोन देशांत कसं होईल, हे त्यांचं त्यांनीच खोडून काढलं.

"तुझी आई सब जगह यही पूछती थी," ते म्हणाले.

ते खरं होतं. कुठेही मुक्कामाला जायचं असलं की आई दोन दिवस आधी फोन करायची आणि पाण्याची वेळ विचारून घ्यायची. तिच्या लेखी जगातल्या प्रत्येक नळाला नर्मदाच यायची. नागपूरच्या मावशी दरवेळी सांगायच्या, "अगं बाई, आमच्याकडे कन्हानचं पाणी आहे." ही म्हणायची, "हो, पण नर्मदा किती वाजता येते ते सांग."

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "त्या बाईंना एक विचार. बोलताना तिला दम लागत होता का?"

इथे मला सांगायलाच हवं. आईला फुप्फुसांचा आजार होता. शेवटचे चार महिने ऑक्सिजनवर. दोन शब्द बोलली की थांबायची, तिसरा यायचाच नाही. सगळी हयात अखंड बडबडणारी बाई. शेवटच्या संध्याकाळी ती बाबांना काहीतरी सांगायला लागली होती आणि बाबा म्हणाले होते, "बोलू नको, दम लागेल, कल बताना." तो कल आला नाही. हे त्यांनी मला त्या दिवशी, दीड वर्षाने, पहिल्यांदा सांगितलं.

मी प्रश्न टाइप केला.

एलेनीबाईंचा मेसेज आला तेव्हा मी फोन बाबांच्या कानाशी धरला. त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "दम? नाही हो. दम मला लागला. ती बोलतच होती, एका श्वासात, मध्ये मला एक शब्द टाकू देईना. मला निम्मं कळलंही नाही, पण फोन ठेवावासा वाटला नाही."

बाबांनी मेसेज परत लावायला सांगितला. मग परत. डोळे भरून वाहत होते आणि पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं. मग फॉर्म ओढून घेतला, सही केली आणि मला म्हणाले, "तिसरा पलंग कॅन्सल नको करू."

आम्ही पुढच्या महिन्यात निघतोय. फोन कोणी केला, कुठून केला, मला आजही सांगता येत नाही, आणि वर्गात कुणी विचारलं तर मी "माहीत नाही" एवढंच म्हणेन. पण परवा सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले की इतके दिवस त्यांना आई आठवायची ती नाकात नळी लावलेली, गप्प. आता आठवते ती बोलताना आठवते.