माझ्या भिंतीतला खिळा

आमच्या कोळवण खोऱ्यात बाप गेला की वर्षाच्या आत भाऊ बहिणीला साडी घेतो. साडी भारीतली असली की समजायचं, हक्कसोड पत्र तयार आहे. वडलांच्या जमिनीतला आपला हिस्सा सोडला म्हणून सही करायची आणि साडी नेसून हसत निघायचं. माझ्या दोन्ही आत्यांनी तेच केलं. मला पैठणी आली तेव्हाच मी काय ते ओळखलं.

नवऱ्याचं घर सोडल्यापासून मी हिंजवडीत एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटत होते. दर अकरा महिन्यांनी नवा करार, बऱ्याचदा नवी खोली. प्रत्येक मालकाची तंबी एकच: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. माझं कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं असायचं. आई राहायला आली की मालकीणबाई दारातच विचारायच्या, "किती दिवस आहेत?" मेलं, आईसुद्धा परवानगीनं!

दादानं मला आणि आईला पौडच्या नोंदणी कचेरीत नेलं. आईचाही हिस्सा होता, तोही सोडायचा होता. बाहेर गाडीत जमीन घेणारे साहेब बसले होते, त्यांना फार्महाऊस बांधायचं होतं. दादा वाईट नाही हो. बहीण भाऊबीजेला ओवाळते तशी सहीही देते, असं त्याला खरंच वाटत होतं. आईही आदल्या दिवशी "दे की सही, बाय" म्हणून मागं लागली होती.

आईचा अंगठा मशीन घेईना. जन्मभर भात लावून रेषा झिजल्या होत्या. कारकुनानं तिसऱ्यांदा पुसून ठेवायला सांगितला आणि माझं डोकंच फिरलं. जिच्या बोटांच्या रेषा या जमिनीत गेल्या, तिनंच ती सोडायची?

"मी सही देणार न्हाई," मी म्हणाले.

"तायडे, माहेर तुटंल तुजं," दादा म्हणाला.

"तुटू दे. साडीची घडी मोडली न्हाई, घिऊन जा. माजा हिस्सा येगळा काढ, तुजा तू खुशाल ईक."

आता आई मला झापणार, असं वाटलं. तिनं पदराला अंगठा पुसला. "माजा बी ऱ्हाऊ दे," म्हणाली.

दादा वर्षभर बोलला नाही. वाटणीत त्यानं आम्हा दोघींना मिळून रस्त्याकडेचा खडकाळ तुकडा दिला. घेतला! सातबाऱ्यावर माझं नाव वाचलं तेव्हा तलाठ्यासमोर ढसाढसा रडले, आणि काडीची लाज वाटली नाही. आता तिथूनच फार्महाऊस बांधणाऱ्या गवंड्यांना डबे देते. किती वाजता उठायचं ते माझं मी ठरवते.

विटांच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या, त्या दिवशी सामान लावायच्या आधी मी भिंतीत भलामोठा खिळा ठोकला. कॅलेंडर टांगलं. आई पिशवी घेऊन दारात उभी होती. इतक्या वर्षांची सवय, माझ्याच तोंडून निघालं, "किती दिवस राहशील?"

"ते कुणाला इचारायचं आता?" आई म्हणाली. "आनकी एक ठोक. माजी पिशवी टांगायची हाय."